शब्दांची बोली

लेखकाला मिळणाऱ्या पैशाला मराठीने 'मानधन' असा मोठा सुरेख शब्द दिला. धन थोडे, पण मान आधी! (पुष्कळदा मानावरच भागवावे लागे, हा भाग वेगळा.) १९०९ साली का. र. मित्रांच्या 'मनोरंजन'ने दिवाळी अंक काढला, तेव्हापासून संपादकाने पत्र धाडावे आणि लेखकाने कथा पाठवावी, असा हा व्यवहार चालत आला. आता त्याच्या शेजारी लेखनाचा एक नवा बाजार उभा आहे. तिथे कामावर बोली लावावी लागते.

१९९७ साली पुणे महापालिकेत आलेली आमची खराडी आज ईऑन आयटी पार्कमुळे ओळखली जाते. सकाळी त्या इमारतींकडे माणसांची रीघ लागते. पण घरी बसून परदेशची कामे करणारेही इथे आहेत. आमच्या शेजारची सूनबाई त्यांपैकीच एक. बाळंतपणात नोकरी सुटली. इंग्रजी मात्र उत्तम. मूल झोपले की ती संगणक उघडते आणि कुठल्या गादीवाल्यासाठी, कुठल्या दंतवैद्यासाठी लेख लिहिते.

या बाजारात अमेरिकेत १९९९ साली 'ईलान्स' आले. पुढे ते 'ओडेस्क'शी एक झाले आणि २०१५ साली त्यांचे 'अपवर्क' असे नामकरण झाले. पद्धत सोपी आहे. काम देणारा गरज सांगतो आणि जगभरचे लेखक आपापला दर कळवतात.

बँकेत असताना मी निविदा पुष्कळ उघडल्या. कागदाची रिमे घ्यायची तर सर्वांत कमी दर पाहावा, हे ठीकच. लेख मात्र रिमावर मोजता येत नाही. शिवाय काम न मिळालेल्या ठेकेदाराला आम्ही अनामत परत करत असू. 'अपवर्क'वर अर्जासाठी 'कनेक्ट' नावाची टोकने लागतात. एका टोकनाला पंधरा सेंट, आणि एका अर्जाला अशी अनेक. काम दुसऱ्याकडे गेले की ती गेली. काम मिळालेच, तर २०२५ पासून नव्या करारांवर शून्य ते पंधरा टक्के दलाली.

एकदा सूनबाईने आपला जमाखर्च दाखवला. "काका, ताशी दोनशे पडतात," ती म्हणाली. सहाशे रुपयांचा लेख, तीन तासांचे काम. मी एक रकाना वाढवायला सांगितला: वाया गेलेल्या अर्जांचे तास. ते पाच निघाले. म्हणजे आठ तासांचे सहाशे, ताशी पंचाहत्तर. दलाली अजून वेगळीच! ती थोडा वेळ गप्प राहिली. पुढच्या महिन्यात तिने दर वाढवला. दोन गिऱ्हाइके गेली, एक टिकले.

ओळखपाळख नसताना सातासमुद्रापलीकडचे काम खराडीत येते, ही गोष्ट लहान नाही. आमच्या उमेदवारीत संपादकाच्या दारात उभे राहायलाही कोणाची तरी चिठ्ठी लागे. पण नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आले आणि साधा मजकूर यंत्र लिहू लागले. यंत्रापेक्षा स्वस्त होण्याची शर्यत कोणालाच जिंकता येणार नाही. तेव्हा ज्या विषयातले आपल्याला खरोखर कळते, तोच धरावा आणि त्याचा दर ठामपणे सांगावा. करारही नीट वाचावा. १९५७ च्या कायद्याने स्वतंत्रपणे लिहिणारा लेखकच सहसा पहिला मालक असतो. पण अशा कामांत पैसे हाती पडताच मालकी बहुधा गिऱ्हाइकाकडे जाते आणि लेखावर नाव त्याचेच लागते.

हिशेबाचा आणखी एक रकाना घरच्यांनी भरायचा असतो. "घरीच तर असते" हे वाक्य मी अनेक घरांतून ऐकले आहे. रात्री अकराला त्या खोलीत दिवा दिसला, तर सूनबाई जागत बसली आहे असे समजू नये. ती कामावर आहे. सकाळचा पहिला चहा दुसऱ्या कोणी ठेवायला हरकत नाही.