लेझर उपचार आणि दोन देशांचे ऊन

मुलांकडे परदेशी जाणे होणारच आहे, तर मुरुमांचे व्रण वा सुरकुत्या यांवरील लेझर उपचारही तेथेच उरकावेत, असा विचार मनात येणे स्वाभाविक आहे. खर्चाचा हिशेब आपण काटेकोर मांडतो. उन्हाचा मात्र राहून जातो.

कार्बन डायऑक्साइड वा अर्बियम लेझर त्वचेचा वरचा थर काढून टाकतो. नवी त्वचा येण्यास साधारणतः 1 ते 2 आठवडे लागतात. लाली काही महिनेही टिकू शकते. आपल्या सावळ्या त्वचेला या काळात ऊन लागल्यास काळे डाग उमटण्याचा धोका अधिक, आणि ते महिनोन्‌महिने जात नाहीत.

म्हणून दोन्ही ठिकाणचे ऋतू पाहावेत. डिसेंबरात मेलबर्नला भर उन्हाळा असतो, लंडनला ऊन सौम्य. परंतु लंडनला मार्चमध्ये उपचार करून लगेच आरमोरीस परतल्यास वैनगंगेकाठचे चैत्र-वैशाखाचे ऊन कोवळ्या त्वचेस गाठते. तेच नोव्हेंबरात केल्यास मध्ये चार महिने मिळतात. धानरोवणीच्या ढगाळ दिवसांतही अतिनील किरण ढगांतून येतात, हे ध्यानी असावे.

उपचारापूर्वीही सुमारे 4 आठवडे ऊन टाळावे. रापलेल्या त्वचेवर लेझर धोक्याचा ठरतो. त्वचा भरून आल्यावर बाहेर पडताना रुंद काठाची टोपी आणि किमान 30 एसपीएफचे सनस्क्रीन दर दोन तासांनी लावावे.

शल्यचिकित्सक परदेशीच राहतात. परतल्यावर आपली त्वचा कोणते त्वचारोगतज्ज्ञ पाहतील, हे तिकीट काढण्यापूर्वीच ठरवावे.