मोरीचे पाणी आणि परसातले अळू
फाल्गुन-चैत्रात विहीर तळाला जाई, तरी देशावरच्या परसांत अळू आणि केळ हिरवी राही. मोरीचे पाणी त्यांच्याच बुंध्याशी सोडलेले असे. भांडी चुलीच्या राखेने घासत. राखेतले पोटॅशियम कार्बोनेट क्षारधर्मी, म्हणून ओशटपणा निघतो. आणि पोटॅशियम ही तर केळीची मोठी भूक. म्हणजे भांडी घासता घासता खतही पडे. हे करणाऱ्या बाईला बागवान मात्र कुणी म्हटले नाही. ते ‘घरकाम’च राहिले. पुढे सोड्याच्या पावडरी आल्या. त्यांतले सोडियम काळ्या मातीत साचले की कण विखुरतात, माती घट्ट बसते, पाणी मुरत नाही. आमचे अळू सुकले तेव्हा आईने उन्हाळ्याला बोल लावला होता. कितीतरी वर्षे मीही.