पिस्टन-एंजिनाच्या तपासणीचे नियम आणि एंजिन उघडण्याचा धोका

विमानाच्या पिस्टन-एंजिनाची तपासणी व त्यातील भागांची बदली यांविषयीचे नियम प्रथमच वाचणाऱ्यास त्यांत एक विसंगती जाणवते. काही नियम एंजिन उघडण्यास भाग पाडतात, मग ते चालताना कितीही निर्दोष वाटो. दुसरे काही नियम याच्या नेमके उलट सांगतात : सबळ पुरावा हाती येईपर्यंत सिलिंडरला हात लावू नये. ही विसंगती वरवरची आहे. भाग जसा वापराने बिघडतो, तसाच तो दुरुस्त करणाऱ्याच्या हातूनही बिघडतो, या दुहेरी अनुभवातून हे सर्व नियम घडत गेले आहेत. त्यांपैकी दुसरी बाजू ध्यानात येण्यास बराच काळ लागला.

दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश हवाई दलाच्या सागरतटीय विभागात पाणबुड्यांच्या शोधासाठी लिबरेटर विमाने वापरली जात. त्यांची पुष्कळ संख्या एका वेळी दुरुस्तीत अडकून पडे. जीवशास्त्रज्ञ कॉनरॅड वॉडिंग्टन ज्या संशोधकगटात होते, त्याने नियोजित तपासणीनंतरच्या उड्डाणतासांनुसार अनपेक्षित बिघाडांची मांडणी करून पाहिली. दर ५० तासांनी होणाऱ्या तपासणीमुळे बिघाड कमी व्हावेत आणि पुढील तपासणी जवळ येईल तसे ते वाढत जावेत, अशी अपेक्षा होती. आलेख उलटाच निघाला. बिघाड सर्वांत जास्त होते ते तपासणीनंतरच्या पहिल्या काही तासांत. पुढे ते उतरत जाऊन स्थिरावत. तपासण्यांमधील अंतर वाढविल्यावर व अनावश्यक कामे वगळल्यावर तितक्याच विमानांकडून अधिक उड्डाणे मिळू लागली. वॉडिंग्टन यांनी लिहिलेला हा वृत्तांत १९७३ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला. अमेरिकेत नोलन व हीप यांनी १९७८ साली संरक्षण खात्यास सादर केलेल्या अहवालात हाच विचार प्रवासी विमानांच्या आकडेवारीवर तपासला गेला. अभ्यासलेल्या भागांपैकी केवळ ११ टक्के भागांना वयोमर्यादा घालून काही लाभ होण्यासारखा होता. ६८ टक्के भागांत बिघाडाची शक्यता सर्वाधिक होती ती भाग नवा बसविल्यानंतर लगेचच.

असे का व्हावे, याचे उत्तर एंजिनाच्या रचनेतच सापडते. उदाहरणासाठी लायकॉमिंग कंपनीचे ३६० घनइंच गटातील चार सिलिंडरांचे एंजिन घेता येईल. या गटातील एंजिन सेस्ना-१७२ विमानाच्या अलीकडच्या आवृत्त्यांत असते आणि ही विमाने भारतातील उड्डाण-प्रशिक्षण संस्थांच्या परिचयाची आहेत. मिनिटास २,७०० फेरे या गतीने प्रत्येक सिलिंडरमध्ये मिनिटाला १,३५० स्फोट होतात, म्हणजे तासाला ८१,०००. पोलादाच्या शिणवट्याची कसोटी साधारणपणे एक कोटी ताण-चक्रांपर्यंत नेली जाते. हे एंजिन तो आकडा सव्वाशे तासांच्या आतच ओलांडते. यावरून नीट बसलेला निर्दोष भाग हजारो तास का टिकतो आणि चुकीने बसविलेला भाग काही दिवसांतच का तुटतो, हे दोन्ही उलगडते. ताण सह्य मर्यादेच्या खाली असेल, तर चक्रांची संख्या जवळजवळ निरर्थक ठरते. वर असेल, तर ती संख्या फार लवकर भरते.

सिलिंडर आवळणाऱ्या नटांचे उदाहरण या दृष्टीने उद्बोधक आहे. सिलिंडर आपल्या तळकडीने एंजिनाच्या कवचावर बसतो व नटांनी घट्ट केला जातो. नट पुरेसा आवळला की त्याखालील स्टड किंचित ताणला जातो आणि तळकडी कवचावर दाबली जाते. हा दाब स्फोटाच्या जोरापेक्षा अधिक असेतो प्रत्येक स्फोटाचा फारच थोडा अंश स्टडपर्यंत पोचतो. आवळणे कमी पडले, तर मात्र तळकडी सूक्ष्म प्रमाणात उचलली जाऊन पुन्हा आपटते आणि सारी ताण-चक्रे स्टडच्या आट्यांवर येतात. उत्पादकाने अर्धा इंच व्यासाच्या नटांसाठी ५० फूट-पौंड आणि तीन-अष्टमांश इंचाच्या नटांसाठी २५ फूट-पौंड परिपीडन ठरवून दिले आहे. परंतु पान्याने दाखविलेला आकडा हा ताणाचा आकडा नव्हे. लावलेल्या परिपीडनाचा सुमारे नऊ-दशांश भाग घर्षणातच खर्ची पडतो. स्टड ताणण्यास उरतो तो जेमतेम दशांश. आटे कोरडे राहिले किंवा त्यांत कचरा असला, तर पाना योग्य आकड्यावर ‘टक्’ करतो आणि स्टड मात्र ढिलाच राहतो. म्हणूनच आट्यांना कोणते वंगण लावावे, हेही नियमात सांगितलेले असते. तळकडीखाली रंगाचा थर राहू नये, ही अट नव्या यंत्रज्ञास क्षुल्लक वाटते. परंतु तो थर काही तासांत दबून पातळ होतो आणि तेवढ्यानेच स्टडचा ताण नाहीसा होतो.

याहून गंभीर बाब अशी की यांतील काही स्टड कवचाच्या आरपार जातात. त्यांच्या ताणामुळे समोरासमोरचे सिलिंडर तर धरले जातातच, पण कवचाचे दोन अर्ध आणि त्यांमधील मुख्य बेअरिंगेही पकडली जातात. एक सिलिंडर काढला की ही पकड सैल होते. अशा अवस्थेत क्रँकशाफ्ट फिरविल्यास बेअरिंगचे कवच जागेवरून सरकून तेलाचे छिद्र झाकले जाण्याची भीती असते. सिलिंडर काढलेल्या जागी तात्पुरती पट्टी लावून नट आवळल्याशिवाय पंखा फिरवू नये, हा नियम त्यासाठी आहे. या चुकीचे वैशिष्ट्य हे की काम संपल्यावर ती दिसत नाही.

तेव्हा एंजिन न उघडता आत डोकावण्याच्या रीतींना मोठे महत्त्व येते. गाळणी बसविलेल्या एंजिनात साधारणपणे ५० तासांनी तेल बदलले जाते. त्या वेळी गाळणी कापून तिच्या घड्या उलगडाव्या लागतात. चुंबकास चिकटणारे कण पोलादी भागांची झीज सांगतात. न चिकटणारे पांढुरके कण ॲल्युमिनियमचे, पिवळसर कण कांस्याचे. नेत्रनळी ठिणगी-प्लगच्या छिद्रातून आत घालून निष्कास झडपेचा माथा पाहता येतो. त्यावर एका बाजूस चंद्रकोरीसारखा वेगळ्या रंगाचा डाग असल्यास झडप त्या बाजूने बसत नाही व जळू लागली आहे, असे समजावे.

तिसरी रीत दाबफरकाच्या चाचणीची. नियंत्रित छिद्रातून ८० पौंड प्रति चौरस इंच दाबाची हवा सिलिंडरमध्ये सोडून आत किती दाब टिकतो, ते पाहिले जाते. हवा निष्कास नळीतून फुसफुसली तर दोष निष्कास झडपेचा, प्रवेश मार्गातून आली तर प्रवेश झडपेचा आणि तेल भरण्याच्या तोंडाशी आवाज आला तर दट्ट्याच्या कड्यांचा. केवळ एका वाईट आकड्यावरून सिलिंडर उतरवू नये. एंजिन पुन्हा चालवून उष्ण असताना फेरमोजणी करावी, हा येथील शहाणपणाचा नियम आहे.

या चाचणीत यंत्रज्ञाच्या जिवालाही धोका असतो. ५.१२५ इंच व्यासाच्या दट्ट्यावर ८० पौंडांचा दाब म्हणजे सुमारे १,६५० पौंड, अर्थात जवळजवळ ७५० किलोग्रॅम भार होय. दट्ट्या अगदी वरच्या टोकाला असताना हा भार क्रँकशाफ्ट फिरवू शकत नाही. तेथून तो काही अंश ढळला की तरफेची भुजा निर्माण होते आणि पंखा झपाट्याने फिरतो. म्हणून दाब हळूहळू वाढवावा, पंख्याची पाती दुसऱ्या जाणत्या माणसाने घट्ट धरावीत आणि कोणीही पात्यांच्या फिरण्याच्या मार्गात उभे राहू नये.

मॅग्नेटोचा धोका याहून फसवा आहे. घरातील दिव्याची तार तुटली की दिवा विझतो. मॅग्नेटोचे तसे नाही. तो स्वतःच वीज निर्माण करतो आणि त्याची कळ ‘बंद’ केली म्हणजे ती वीज एका तारेने एंजिनाच्या धातूत उतरविली जाते. ती तार तुटली असेल, तर कळ बंद असूनही मॅग्नेटो जिवंत राहतो आणि हाताने पंखा हलविताच एखाद्या सिलिंडरमध्ये ठिणगी पडू शकते. कळ, बॅटरी व इंधन बंद असले तरी पंखा सदैव जिवंत मानावा, हा नियम त्यामुळेच कोणताही अपवाद ठेवीत नाही.

आता एंजिन उघडण्यास भाग पाडणाऱ्या नियमांकडे वळता येईल. पंखा जमिनीस किंवा अन्य वस्तूस आपटल्यास, एंजिन त्या वेळी बंद असले आणि नंतर सुरळीत चालत असले तरीही, लायकॉमिंगच्या एंजिनांत क्रँकशाफ्टच्या मागील टोकाचे दंतचक्र तपासणे अमेरिकी विमानोड्डाण प्रशासनाने २००४ सालच्या निर्देशाने बंधनकारक केले. त्याआधीचा निर्देश १९९१ सालचा होता. हे दंतचक्र कॅमशाफ्टला आणि दोन्ही मॅग्नेटोंना गती देते, आणि ते एका बोल्टाने व एका लहानशा खिळीने जागेवर राहते. आघाताने खिळीस इजा झाली, तर एंजिन कित्येक तास चालेल आणि मग एका क्षणात पूर्णपणे थांबेल. दोन मॅग्नेटो असण्याचा लाभ येथे मिळत नाही, कारण दोघांचे मूळ एकच. या दोषाची कोणतीही पूर्वसूचना गाळणीत वा दाबाच्या आकड्यात मिळत नाही. म्हणूनच उघडण्याचा धोका येथे पत्करावा लागतो. जुना बोल्ट व त्याची अडकणपट्टी कितीही चांगली दिसली तरी ती पुन्हा वापरावयाची नसतात. संयोगदांड्याचे बोल्ट, दट्ट्याची कडी, सांधपट्ट्या यांविषयीही उत्पादकाची अशीच यादी आहे. एकदा ताणलेला बोल्ट पुढे किती साथ देईल, हे डोळ्यांनी ठरविता येत नाही.

या दोन्ही बाजूंचा तोल कोठे साधावा, याविषयी तज्ज्ञांचेही एकमत होत नाही. काँटिनेंटल कंपनीच्या ५२० व ५५० गटांतील एंजिनांवर बसविलेल्या, परंतु अन्य कारखान्याने बनविलेल्या, काही सिलिंडरांची शीर्षे तडकत असल्याचे आढळल्यावर २०१३ साली अमेरिकी प्रशासनाने ते सिलिंडर काढून टाकण्याचा निर्देश प्रस्तावित केला. विमानमालकांच्या संघटनांचा आक्षेप असा होता की हजारो चालू एंजिनांचे आरपार बोल्ट सैल करण्यातून उद्भवणारा धोका मूळ दोषाहून मोठा ठरू शकेल. राष्ट्रीय परिवहन सुरक्षा मंडळानेही प्रस्तावास विरोध दर्शविला. २०१६ साली निघालेल्या अंतिम निर्देशात सिलिंडर टप्प्याटप्प्याने काढण्याची सवलत आली. आक्षेप निराधार नव्हता, हे मान्य करावे लागते. मात्र तडकलेले शीर्ष उड्डाणात सुटल्यास वैमानिकापुढे फारसे पर्याय उरत नाहीत, हेही तितकेच खरे.

भारतात हे काम नागरी विमानवाहतूक महासंचालनालयाच्या नियमांखाली चालते. पिस्टन-एंजिनाच्या विमानासाठी ‘बी १.२’ वर्गाच्या परवान्याची तरतूद आहे आणि बदली भागासोबत त्याच्या उगमाचे प्रमाणपत्र असावे लागते. परंतु आपल्याकडील हवामानामुळे एक प्रश्न अधिक तीव्र होतो. लायकॉमिंगच्या या एंजिनांत कॅमशाफ्ट क्रँकशाफ्टच्या वरच्या अंगास असतो. विमान पावसाळ्यात आठवडेच्या आठवडे उभे राहिले की त्यावरील तेल निथळून जाते आणि दमट हवेत त्याच्या उंचवट्यांवर गंजाचे बारीक खड्डे पडतात. एंजिन जमिनीवर थोडा वेळ चालवून हा दोष टळत नाही. तेल पुरेसे तापत नाही आणि ज्वलनातून निघालेले पाणी त्यातच राहते. ‘२,००० तास किंवा १२ वर्षे’ अशी पूर्ण दुरुस्तीची दुहेरी मर्यादा उत्पादकाने अनेक एंजिनांस घातली आहे. तिच्यातील वर्षांची अट अशा उभ्या विमानांसाठी आहे. कॅमशाफ्ट प्रत्यक्ष पाहावयाचा झाल्यास सिलिंडर उतरवावा लागतो. तो उतरविण्यापूर्वी गाळणीतील चुंबकास चिकटणारे कण लागोपाठच्या दोन-तीन तेलबदलांत वाढत आहेत की नाहीत, हे एंजिनाच्या नोंदवहीतून ताडून पाहिले जाते.