पहिला, दुसरा, पुन्हा पहिला

ठाण्याच्या कोलशेत रस्त्यावर सकाळच्या वेळी तिसरा गिअर लागतो तो फक्त सुट्टीच्या दिवशी. एरवी ढोकाळीपासून कापूरबावडी नाक्यापर्यंत पहिला, दुसरा, पुन्हा पहिला. पुढची गाडी दोन हात सरकली की आपणही दोन हात सरकायचं आणि थांबायचं. हा रस्ता मुळात कारखान्यांचा. आधी सॅन्डोज, मग क्लॅरियंट, त्याच पट्ट्यात बायर. कामगारांच्या बस, रसायनांचे टँकर आणि खाडीकाठच्या रेतीबंदरातून निघणारे रेतीचे ट्रक, एवढीच त्याची वर्दळ होती. क्लॅरियंटच्या ८७ एकर जागेवर आता मनोरे आहेत आणि त्यांच्या तळघरांत सात आसनांच्या गाड्या: एर्टिगा, इनोव्हा, कॅरेन्स. आजी-आजोबा, दोन मुलं, गणपतीत कोकणात जायचं सामान. अशा घराला छोटी गाडी पुरत नाही.

या मोठ्या गाडीच्या पोटातलं सगळ्यात सोशिक आणि सगळ्यात कमी ओळखीचं यंत्र म्हणजे गिअरबॉक्स. आजकालचं इंजिन सहसा दगा देत नाही. गिअरबॉक्स देतो, आणि दिला की खिशाला मोठं भगदाड पाडतो. एकदा बिघडला तर माणूस नशिबाला बोल लावतो. दुसऱ्यांदा बिघडला की घरात वेगळीच चर्चा सुरू होते. पुढची गाडी याच कंपनीची घ्यायची का? आश्चर्य असं की पुष्कळ घरं घेतात. ती का घेतात, हे समजून घ्यायचं तर आधी यंत्राकडे पाहावं लागतं.

उभी गाडी हलवायला चाकाला जोर हवा असतो, वेग नव्हे. महामार्गावर नेमकं उलटं. इंजिनाची ताकद गरजेप्रमाणे जोरात किंवा वेगात बदलून देणं हे गिअरबॉक्सचं काम, आणि त्याला इंजिनाशी जोडणं-तोडणं हे क्लचचं. गाडी एका वेगात धावत असते तेव्हा क्लच प्लेट आणि इंजिनाचं फ्लायव्हील एकजीव होऊन फिरतात, झीज जवळजवळ होत नाही. झीज होते ती जोडणीच्या क्षणी, एक फिरतंय आणि दुसरं अजून थांबलेलं आहे तेव्हा. प्लेट घासत जाते, तापते. द्रुतगती मार्गावर हा क्षण क्वचित येतो. घोडबंदर रस्त्यावर तो दर वीस पावलांवर येतो. क्लच अर्धवट दाबून गाडी सरकवत राहण्याला मेकॅनिक ‘हाफ क्लच’ म्हणतात, आणि जळका वास आला की गाडीखाली जाण्याआधीच त्यांचं निदान झालेलं असतं.

या त्रासावर उपाय म्हणून लोक ऑटोमॅटिककडे वळले. २०१४ साली मारुतीची सेलेरिओ आली आणि ऑटोमॅटिक गाडी मध्यमवर्गाच्या आवाक्यात आली. पण ‘ऑटोमॅटिक’ या एका नावाखाली चार निरनिराळी यंत्रं विकली जातात, हे शोरूममध्ये क्वचितच कोणी समजावून सांगतं. सेलेरिओचा एएमटी म्हणजे नेहमीचाच मॅन्युअल गिअरबॉक्स. क्लच दाबणारा पाय आणि गिअर टाकणारा हात तेवढा यंत्राचा. जुना टॉर्क कन्व्हर्टर म्हणजे तेलात समोरासमोर बसवलेली पात्यांची दोन चक्रं. इंजिन एकाला फिरवतं, त्यानं ढवळलेलं तेल दुसऱ्याला. गाडी सरकताना घर्षणाची प्लेट घासत नाही, उष्णता तेलात जाते आणि तेल थंड करता येतं. म्हणून रांगत्या रहदारीत तो टिकतो. सीव्हीटीत दोन पुलींमधला पट्टा सरकत राहतो. आणि डीसीटीत दोन क्लच असतात, एक विषम गिअरांचा, दुसरा सम गिअरांचा. एक काम करत असताना दुसरा पुढचा गिअर तयार ठेवतो. चालवायला हा सर्वांत सुखद. पण स्वस्त प्रकारात त्याचे क्लच कोरडे असतात, तेलात बुडालेले नसतात. पहिला-दुसरा-पहिला करत राहिलं की दोन्ही क्लच आळीपाळीने तापतात आणि तो ताप घालवायला भोवताली फक्त हवा असते.

याचा मोठा धडा जगाला फोक्सवॅगनच्या सात गिअरांच्या कोरड्या डीएसजीनं, म्हणजे त्या कंपनीच्या डीसीटीनं दिला. चीनमधल्या ग्राहकांच्या तक्रारी वाढत गेल्या, कंपनीनं २०१२ मध्ये तिथे या गिअरबॉक्सची वॉरंटी दहा वर्षं किंवा १ लाख ६० हजार किलोमीटरपर्यंत वाढवली. तरी १५ मार्च २०१३ च्या ग्राहक दिनी तिथल्या सरकारी दूरचित्रवाणीनं हा विषय लावून धरला आणि काही दिवसांत सुमारे ३ लाख ८४ हजार गाड्या परत बोलावल्या गेल्या. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये आणखी अनेक देशांत गिअरबॉक्समधलं सिंथेटिक ऑइल काढून मिनरल ऑइल भरण्याची मोहीम निघाली. कंपनीनं दिलेलं कारण आपण ठाणेकरांनी लक्षात ठेवावं असं आहे: उष्ण आणि दमट हवा, त्यात सतत थांबत-सुटत चालणारी रहदारी, अशा ठिकाणी त्या ऑइलमुळे विजेच्या भागात बिघाड होऊ शकतो. हवा आणि रहदारीचं ते वर्णन मे महिन्यातल्या कोलशेतलाही जसंच्या तसं लागू पडतं. हाच गिअरबॉक्स असलेली पोलो जीटी २०१३ मध्ये चाकणच्या कारखान्यातून आपल्याकडे येऊ लागली होती.

पण गिअरबॉक्स पुन्हा पुन्हा जाऊनही गिऱ्हाईक न हलण्याची खरी कथा अमेरिकेतली आहे, आणि ती मराठी घरांना परकी नाही. न्यू जर्सीत किंवा शिकागोच्या उपनगरात लेकाकडे सहा महिने राहून आलेल्या ठाण्यातल्या आजी-आजोबांना होंडा ओडिसी ही व्हॅन ओळखायला सांगावी लागत नाही. विमानतळावर न्यायला तीच आलेली असते, मंडळाच्या गणपतीला भांडी आणि मुलं घेऊन तीच जाते. १९९९ च्या नव्या घडणीत ती मोठी झाली आणि कुटुंबांची लाडकी झाली. गिअरबॉक्सनं मात्र तिची परीक्षा पाहिली.

होंडाचा तेव्हाचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स इतरांसारखा नव्हता. बहुतेक कंपन्या सूर्याभोवती ग्रह फिरावेत तशी दातेरी चाकांची रचना वापरतात. होंडानं १९६८ मध्ये एन-३६० या चिमुकल्या गाडीसाठी स्वतःची वाट काढली: मॅन्युअलसारखेच समांतर दंड आणि प्रत्येक गिअरला तेलात चालणारा वेगळा क्लच. छोट्या गाड्यांत ही रचना उत्तम चालली. दोन टनांच्या आसपासच्या, सहा सिलिंडरच्या, सात माणसांनी भरलेल्या व्हॅनखाली ती कमी पडली. गिअर घसरू लागले, झटके बसू लागले, बदलून घातलेले गिअरबॉक्सही पुन्हा बिघडू लागले. कंपनीनं जुन्या गाड्यांची गिअरबॉक्सची वॉरंटी सात वर्षं किंवा एक लाख मैलांपर्यंत वाढवली. पुढे पाच गिअरांचा नवा बॉक्स आला आणि त्यात दुसरा गिअर तापू लागला. त्याला पुरेसं तेल पोहोचत नव्हतं. तापून कमकुवत झालेला दात तुटला तर धावत्या गाडीचा गिअरबॉक्स जाम होण्याचा धोका होता. एप्रिल २००४ मध्ये होंडानं ओडिसीसह अनेक मॉडेलांच्या सुमारे ११ लाख गाड्या परत बोलावल्या. पंधरा हजार मैलांपेक्षा कमी चाललेल्या गाडीत दुसऱ्या गिअरवर तेलाची धार सोडणारी सोय बसवली. जास्त चाललेल्या गाडीत आधी गिअरचा रंग पाहिला, काळवंडला असेल तर सगळा गिअरबॉक्स बदलून दिला.

होंडाच्या आधी क्रायस्लरनं हेच पाहिलं होतं. अमेरिकेतली पहिली लोकप्रिय मिनीव्हॅन त्यांनीच १९८३ च्या अखेरीस आणली, म्हणजे आपल्याकडे मारुती व्हॅन आली त्याच्या वर्षभर आधी. १९८९ मध्ये त्यांनी इलेक्ट्रॉनिक नियंत्रणाचा चार गिअरांचा बॉक्स बसवला आणि तो कुप्रसिद्ध झाला. गैरसमजातून चुकीचं तेल भरलं जाणं हे त्यातलं एक कारण होतं. तरी लोक क्रायस्लरच्या व्हॅन घेत राहिले, कारण तेव्हा तेवढ्या सोयीची दुसरी व्हॅन जवळपास नव्हती. माझ्या मते ही खरी निष्ठा नव्हे, ही अडचण. ओडिसीच्या मालकांचं तसं नव्हतं. त्यांच्यासमोर टोयोटाची सिएना होती. तरी त्यांच्यातले कित्येक जण पुन्हा ओडिसीकडे गेले, कारण बिघाड मान्य झाला होता आणि बिल कंपनीनं भरलं होतं.

अडचण आणि निष्ठा यांतला हा फरक आपल्या जिल्ह्यानं फार जवळून पाहिला आहे. प्रीमियर पद्मिनी कुर्ल्यात बनायची. तिचा गिअर स्टिअरिंगच्या दांड्यावर होता आणि त्याच्या जोडसळ्या झिजल्या की दोन गिअरांच्या मधेच अडकायचा. मग भर रस्त्यात बॉनेट उघडून हातानं तो सोडवायचा. आधीच्या पिढीतल्या वाहनमालकांना ही कसरत पाठ होती आणि त्याबद्दल कोणी कंपनीवर रागावत नसे. गाडीसाठी वर्षानुवर्षं नंबर लावावा लागे. रागावून जाणार कुठे? शिवाय पद्मिनीचा प्रत्येक भाग लॅमिंग्टन रोडपासून कल्याणपर्यंत मिळत होता आणि तिच्या नाड्या ओळखणारा मिस्त्री प्रत्येक नाक्यावर होता.

मग १९९० च्या दशकात त्याच प्रीमियरनं प्यूजोशी हातमिळवणी करून डोंबिवलीजवळ, कल्याण-शीळ रस्त्यालगतच्या कारखान्यात प्यूजो ३०९ बनवली. गाडी म्हणून ती पद्मिनीच्या कितीतरी पुढे होती. पण कामगार संघर्ष झाला, भागीदार निघून गेला, कारखाना थंडावला, आणि ज्यांनी हौसेनं गाडी घेतली त्यांना सुट्या भागांसाठी वणवण करावी लागली. त्या जागेला लोक आजही प्रीमियर ग्राउंड म्हणतात. तिथेही आता मनोरे उभे राहत आहेत. शेव्हरोले टवेराचं पुढे तेच झालं. ही दणकट गाडी मोठ्या कुटुंबांची आणि टुरिस्टवाल्यांची आवडती होती. २०१३ मध्ये उत्सर्जनाच्या चाचण्यांत फेरफार झाल्याचं उघड होऊन १ लाख १४ हजार टवेरा परत बोलावल्या गेल्या, आणि २०१७ अखेर शेव्हरोले बनवणाऱ्या जनरल मोटर्सनं भारतात विक्रीच बंद केली. तळेगावचा कारखाना निर्यातीसाठी काही काळ चालू राहिला. इथल्या मालकाला मात्र आपली गाडी अनाथ झाल्याचं कळलं होतं.

इनोव्हाचं यश याच पार्श्वभूमीवर वाचायला हवं. २००५ मध्ये टोयोटानं चांगली खपणारी क्वालिस बंद करून इनोव्हा आणली. शिडीसारख्या चौकटीवर उभी, मागच्या चाकांना जोर देणारी, बरीच वर्षं फक्त मॅन्युअल. २०१६ च्या इनोव्हा क्रिस्टात आलेला सहा गिअरांचा ऑटोमॅटिकही टॉर्क कन्व्हर्टरचा, म्हणजे नवलाई कमी आणि तेल भरपूर. आता इनोव्हा हायक्रॉसच्या हायब्रीडमध्ये नावाला ‘ई-सीव्हीटी’ आहे, पण आत ना पट्टा, ना कोरडा क्लच. ग्रहमालिकेसारखी दातेरी चाकं आणि दोन मोटारी. कोलशेतच्या रहदारीत झिजायला त्यात फारसं काही ठेवलेलंच नाही. लोक याला ‘टोयोटाचा भरवसा’ म्हणतात. मला तो अभियंत्यांचा संयम वाटतो.

सगळ्यांनाच असा संयम परवडत नाही, आणि कोणत्याही कंपनीचा गिअरबॉक्स बिघडू शकतो. तेव्हा ग्राहकाच्या हातात काय उरतं? २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयासमोर जम्मू-काश्मीरच्या एका ग्राहकाचं मारुतीविरुद्धचं प्रकरण आलं. तक्रार क्लचची होती. खाली उच्च न्यायालयापर्यंत गाडी बदलून द्या असं म्हटलं गेलं होतं. न्यायालयानं सांगितलं की वॉरंटी सदोष भाग बदलण्याची आहे, त्यासाठी अख्खी गाडी बदलून देता येणार नाही. ग्राहकाला ५० हजार रुपये मिळाले. तेव्हापासून कंपन्यांचे वकील हा निकाल घेऊनच ग्राहक आयोगात येतात. न्यायालयाचं तर्कशास्त्र मला एका बिघाडापुरतं पटतं. पण तोच भाग बदलल्यावर पुन्हा बिघडला, तर दोष भागाचा न राहता रचनेचा होतो, आणि हे सिद्ध करायला तज्ज्ञाचा अहवाल आणायची जबाबदारी सहसा गाडीमालकावर पडते.

मोटार वाहन कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीनं सरकारला गाड्या परत बोलावायला लावण्याचा अधिकार दिला, १ एप्रिल २०२१ पासून त्याचे नियम लागू झाले, दहा लाखांपासून एक कोटीपर्यंत दंडाची तरतूद आली. पण ते सुरक्षिततेच्या किंवा पर्यावरणाच्या दोषांसाठी, आणि सात वर्षांच्या आतल्या गाड्यांसाठी. गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. वॉरंटी बहुतेक ठिकाणी तीन वर्षं किंवा एक लाख किलोमीटरची. झटके मारणारा, गरम झाला की सुटून जाणारा गिअरबॉक्स या दोन्ही कुंपणांच्या बाहेर राहतो. त्यात काही कंपन्या गिअरबॉक्सचं ऑइल ‘आयुष्यभरासाठी’ भरलंय असं सांगतात. गिअरबॉक्स उघडणारे कारागीर हे कधीच मान्य करत नाहीत, आणि काळं पडलेलं, धातूच्या भुकटीनं चमकणारं ते तेल एकदा पाहिलं की त्यांचंच खरं वाटतं.

म्हणून नवी गाडी घेताना पॅनोरामिक छताआधी चार गोष्टी विचाराव्यात. हा ऑटोमॅटिक नेमका कोणत्या प्रकारचा? क्लच कोरडा की तेलातला? बिघडला तर तुम्ही नुसता सोलेनॉइड किंवा क्लचचा संच बदलता, की सगळी असेंब्लीच विकता? आणि गिअरबॉक्सची वेगळी वॉरंटी किती वर्षांची? दमट हवेत, तुंबलेल्या रस्त्यांवर चालणाऱ्या गाड्यांसाठी चिनी ग्राहकांना एकदा दहा वर्षं मिळाली होती. घोडबंदर रस्त्यावरच्या शोरूममध्ये बसून तेवढीच मागायला हवी, आणि ‘नाही’ असं उत्तर आलं तर पुढच्या शोरूममध्ये जायला हवं.