पाळीची लढाई आणि हसण्याचे गणित

संगणकीय खेळांमध्ये लढाई मुख्यतः दोन प्रकारे मांडली जाते. पहिल्या प्रकारात खेळणाऱ्याची बोटे आणि पडद्यावरील घटना एकाच वेळी धावत असतात. दुसऱ्या प्रकारात काळ थांबतो, खेळणारा समोरच्या पर्यायांतून एक निवडतो, त्याचा परिणाम दिसतो आणि त्यानंतरच प्रतिस्पर्ध्याला संधी मिळते. या दुसऱ्या प्रकाराला ‘टर्न-बेस्ड’ म्हणजे पाळीची लढत असे म्हणतात, आणि ज्या खेळांत खेळणारा एखाद्या पात्राची भूमिका घेऊन कथेतून पुढे सरकतो अशा ‘रोल-प्लेइंग गेम’ या प्रकाराशी तिचे नाते जुने आहे. मोठ्या कंपन्यांच्या भांडवलाविना एखाद्या व्यक्तीने किंवा लहानशा गटाने तयार केलेल्या खेळांना ‘इंडी गेम’ म्हटले जाते. त्यांपैकी २०१५ मध्ये आलेला टोबी फॉक्स यांचा ‘अंडरटेल’ आणि २०१७ मध्ये आलेला ‘वेस्ट ऑफ लोदिंग’ हे पाळीच्या लढतीचे खेळ प्रामुख्याने त्यांच्या विनोदासाठी ओळखले जातात. अशा खेळांतील सर्वांत चांगला विनोद लढाईच्या नियमांतूनच निघतो, आणि म्हणून तो समजून घ्यायचा असेल तर हे नियम कोणत्या अडचणीवरचा उपाय म्हणून जन्मले हे आधी पाहावे लागते. ती अडचण ज्या लढाईत ठळकपणे दिसते, अशी एक लढाई महाराष्ट्रातील जालना जिल्ह्यात झालेली आहे.

असईचे रणांगण आणि तीन अडचणी

भोकरदन तालुक्यातील असई येथे २३ सप्टेंबर १८०३ रोजी ईस्ट इंडिया कंपनीचे सैन्य आणि दौलतराव शिंदे व नागपूरचे दुसरे रघोजी भोसले यांचे संयुक्त सैन्य यांची गाठ पडली. त्याआधी दोन दिवस, २१ सप्टेंबरला, कंपनीचे सेनानी आर्थर वेलस्ली आणि कर्नल स्टीव्हन्सन यांनी बदनापूर येथे भेटून दोन वेगळ्या वाटांनी जाण्याचे आणि २४ तारखेला भोकरदनच्या बाजूला एकत्र हल्ला करण्याचे ठरवले होते. प्रत्यक्षात शत्रूचा तळ अपेक्षेपेक्षा बराच जवळ निघाला आणि वेलस्लीला स्टीव्हन्सनची वाट न पाहता लढावे लागले. खेळणा नदी ओलांडण्यासाठी उतार कोठे आहे हे स्थानिक वाटाड्यांकडून कळेना, तेव्हा दोन काठांवर समोरासमोर दोन गावे वसलेली आहेत, त्या अर्थी त्यांच्यामध्ये ये-जा करण्याजोगा उतार असलाच पाहिजे, असा तर्क त्याने केला आणि तो खरा ठरला. मात्र तो नदी ओलांडून शिंद्यांच्या फौजेच्या बगलेवर येत असतानाच, त्या फौजेतील कवायती पायदळाचा सेनानी पोहलमान याने आपली संपूर्ण आघाडी काटकोनात फिरवून नव्या दिशेला तोंड केले. पुढे कंपनीच्या उजव्या टोकाची एक तुकडी ठरल्यापेक्षा अधिक उजवीकडे, थेट असई गावाच्या रोखाने गेली, तिच्यामागून चौऱ्याहत्तरावी पलटणही ओढली गेली आणि तोफांच्या माऱ्यात दोन्हींची भयंकर हानी झाली.

या घटनाक्रमात कोणत्याही लढाईचे प्रतिमान, म्हणजे तिची नियमबद्ध व सोपी केलेली प्रतिकृती, तयार करताना येणाऱ्या तीन अडचणी एकत्र सापडतात. पहिली अडचण अपुऱ्या माहितीची आहे, कारण उतार कोठे आहे आणि शत्रू किती जवळ आहे हे निर्णय घेणाऱ्याला ठाऊक नसते. दुसरी एककालिकतेची आहे, कारण एक बाजू नदी ओलांडत असताना दुसरी बाजू स्वस्थ बसून राहत नाही. तिसरी यदृच्छेची आहे, कारण दिलेला हुकूम आणि प्रत्यक्ष घडलेली कृती यांच्यात योगायोगाला, गैरसमजाला आणि चुकीला नेहमीच जागा राहते.

या तिन्ही अडचणींवरची पद्धतशीर उत्तरे असईनंतर सुमारे वीस वर्षांनी प्रशियात मिळाली. तेथील एक लष्करी अधिकारी राइसविट्झ याने आपल्या वडिलांच्या मूळ कल्पनेत सुधारणा करून १८२४ मध्ये ‘क्रीगश्पील’ हा युद्धखेळ सिद्ध केला. त्यात अपुऱ्या माहितीसाठी दोन्ही पक्षांपासून अलिप्त असा पंच नेमलेला होता, आणि ज्याला जेवढे दिसू शकेल तेवढेच तो त्याला सांगत असे. एककालिकतेसाठी काळाचे दोन-दोन मिनिटांचे तुकडे पाडून प्रत्येक तुकड्यात किती हालचाल करता येईल हे ठरवलेले होते, तर यदृच्छेसाठी फासे आणि त्यांच्या दानानुसार हानी सांगणारे तक्ते होते. पाळी ही कल्पना बुद्धिबळात फार पूर्वीपासून होती. येथे मात्र ती वाहत्या काळाचे मोजमाप करण्याचे साधन बनली.

पंचाची जागा संगणकाने घेतली

गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या अमेरिकी युद्धखेळप्रेमींनी १९७४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या खेळात सैन्याच्या जागी एकेक पात्र आले, पंचाचा कथाकार झाला आणि फासे व तक्ते मात्र टिकून राहिले. पात्राची प्रकृती ‘हिट पॉइंट’ या संख्येने दाखवली जाऊ लागली. घाव बसला की ती संख्या घटते आणि शून्यावर आली की पात्र बाद होते. १९८६ मध्ये जपानमध्ये आलेल्या ‘ड्रॅगन क्वेस्ट’ या खेळाने ही रचना घरगुती खेळयंत्रावर लोकप्रिय केली, आणि पंचाचे सर्व काम संगणकाकडे गेले.

संगणकाला फासा टाकता येत नाही; तो ठरलेल्या सूत्राने अशा संख्या काढतो की त्या यादृच्छिक भासतात, म्हणून त्यांना छद्म-यादृच्छिक संख्या म्हणतात. त्यातील एक जुनी रीत अशी आहे की मागील संख्येला एका स्थिर संख्येने गुणायचे, दुसरी स्थिर संख्या मिळवायची आणि तिसऱ्या संख्येने भागून उरलेली बाकी ही पुढची संख्या मानायची. उदाहरणार्थ, ५ ने गुणून, ३ मिळवून, १६ ने भागल्यावरची बाकी घेत गेल्यास ७ नंतर ६, १, ८, ११, १०, ५ अशी माळ मिळते, ० ते १५ ही प्रत्येक संख्या एकेकदा येऊन जाते आणि सोळाव्या पायरीला पुन्हा ७ येतो. प्रत्यक्ष खेळांत याहून फार मोठ्या संख्या किंवा अधिक गुंतागुंतीची सूत्रे वापरली जातात, त्यामुळे ही पुनरावृत्ती खेळणाऱ्याच्या लक्षात येत नाही.

अशा संख्यांवर आधारलेल्या लढतीत निवड कशी करायची, हा संभाव्यतेचा प्रश्न असतो. शत्रूचे २० हिट पॉइंट उरले आहेत आणि खेळणाऱ्यापुढे दोन पर्याय आहेत असे समजू: पहिला वार हमखास १० हानी करतो, तर दुसरा २४ हानी करतो, पण तो निम्म्या वेळाच लागतो. पहिल्या पर्यायाने शत्रू नेमक्या दोन पाळ्यांत पडतो, आणि दुसऱ्यानेही सरासरी दोनच पाळ्या लागतात. तरीही दोन्ही पर्याय सारखे नाहीत. खेळणारे पात्र शत्रूचा एक प्रतिवार सोसू शकत असेल तर पहिला पर्याय विजयाची खात्री देतो आणि दुसरा तीन-चतुर्थांश शक्यता. पात्र एकही प्रतिवार सोसू शकत नसेल तर पहिल्या पर्यायात पराभव निश्चित आहे आणि दुसऱ्यात निम्मी आशा आहे. सरासरी सारखी असली तरी निकालांचे विखुरणे वेगळे असल्यामुळे निर्णय बदलतो, हे संख्याशास्त्रातील महत्त्वाचे तत्त्व पाळीच्या लढतीत खेळणाऱ्याच्या सहज अंगवळणी पडते.

माणसाची संभाव्यतेची जाण मात्र गणिताशी जुळतेच असे नाही, कारण नव्वद टक्के खात्रीचा वार सरासरी दहांतून एकदा हुकणारच हे ठाऊक असूनही तो हुकला की खेळणाऱ्याला फसवणूक झाल्यासारखे वाटते. म्हणून ‘फायर एम्ब्लेम’ या जपानी मालिकेतील अनेक खेळांत एका संख्येऐवजी दोन यादृच्छिक संख्यांची सरासरी घेतली जाते, ज्यामुळे पडद्यावर दाखवलेली ९० टक्के शक्यता प्रत्यक्षात सुमारे ९८ टक्के होते आणि १० टक्के दाखवलेली सुमारे २ टक्क्यांवर येते.

नियम मोडण्याची गंमत

विनोदाविषयीच्या अनेक उपपत्तींमध्ये अपेक्षाभंगाला मध्यवर्ती स्थान आहे. पीटर मॅकग्रॉ आणि कॅलेब वॉरन या संशोधकांनी २०१० मध्ये मांडलेल्या ‘निरुपद्रवी उल्लंघन’ या उपपत्तीनुसार, एखादा नियम मोडला जात आहे आणि तरीही त्यातून खरा धोका नाही, या दोन जाणिवा एकाच वेळी झाल्या की हसू येते. यासाठी मोडला जाणारा नियम आधी मनात पक्का बसलेला असावा लागतो, आणि पाळीच्या लढतीत तोच क्रम शेकडो वेळा येत असल्यामुळे तो तसा बसतोच. कलगी-तुऱ्याच्या फडात शक्तीला श्रेष्ठ मानणारे कलगीवाले आणि शिवाला श्रेष्ठ मानणारे तुरेवाले आळीपाळीने सवाल-जवाब करतात, तेथेही श्रोत्यांना बांधून ठेवणारी गोष्ट हीच असते: जवाब कधी येणार हे ठाऊक असते, कोणता येणार हे नसते.

जपानमध्ये १९९४ मध्ये आणि अमेरिकेत ‘अर्थबाउंड’ या नावाने १९९५ मध्ये आलेल्या खेळात, मूळचे जाहिरात-लेखक असलेले शिगेसातो इतोइ यांनी या चौकटीशी एक मोठी खोडी केली. त्यात प्राणघातक घाव बसला तरी हिट पॉइंटचा आकडा एकदम शून्यावर न येता वाहनातील अंतरमापकाच्या चक्रांप्रमाणे हळूहळू फिरत खाली येतो, आणि तो शून्याला पोहोचण्याआधी लढाई जिंकली किंवा उपचार झाला तर पात्र वाचते. थांबलेल्या काळात वाहता काळ असा घुसवल्यामुळे शांतपणे विचार करणाऱ्या खेळणाऱ्याची धांदल उडते, आणि ती धांदलच विनोदी ठरते.

‘अंडरटेल’ हा या परंपरेचा इंडी वारसदार होय. त्यात प्रत्येक पाळीला लढणे, काही कृती करणे, वस्तू वापरणे आणि दया दाखवणे असे चार पर्याय असतात, आणि एकाही शत्रूला न मारता संपूर्ण खेळ पार करता येतो. एका लढतीत चिलखत घातलेल्या कुत्र्याला प्रत्येक पाळीला कुरवाळत गेल्यास त्याची मान लांबत लांबत पडद्याबाहेर जाते. एरवी प्रत्येक पाळीला हानी वाढत जावी अशी जी अपेक्षा असते, तिच्या जागी येथे लाड वाढत जातात. सॅन्स या पात्राशी होणारी लढत तर पाळीच्या संकेतावरच उभी आहे: तो खेळणाऱ्याच्या पहिल्या पाळीआधीच हल्ला करतो, इतर शत्रूंसारखा उभा राहून घाव न झेलता सरळ बाजूला सरकतो आणि शेवटी आपली पाळी संपवतच नाही, म्हणजे काहीही न करता खेळणारा कंटाळून निघून जाण्याची वाट पाहत बसतो. बुद्धिबळापासून चालत आलेला, ‘दोघांनी आळीपाळीने वागावे’ हा अलिखित करार मोडला जातो तेव्हाच तो करार होता हे खेळणाऱ्याच्या ध्यानात येते.

याच खेळाने प्रतिमानाची आणखी एक मर्यादा उघड केली आहे. खेळ पुन्हा सुरू केला की मेलेले सर्व जण जिवंत होतात, हे इतर खेळांत गृहीतच असते. ‘अंडरटेल’ मात्र काही नोंदी वेगळ्या साठवून ठेवतो, त्यामुळे मागील खेपेच्या हत्यांचा उल्लेख पात्रे पुढील खेपेत करू शकतात आणि सर्वांना मारून शेवट गाठलेल्या खेळणाऱ्याला नंतरचा सुखान्तही निर्भेळ मिळत नाही. असईच्या लढाईत एकट्या कंपनीच्या बाजूचे ४२८ लोक मारले गेले आणि ११३८ जखमी झाले. युद्धखेळात हे आकडे प्रत्येक डावाबरोबर पुसले जातात, आणि ते पुसले जाणे हेही लढाईचे सरलीकरणच आहे याची आठवण एका विनोदी खेळाने करून द्यावी, हे लक्षणीय आहे.

महाराष्ट्रातील इंडी खेळांमध्ये पुण्याच्या ‘नॉडिंग हेड्स गेम्स’ या संस्थेचा २०२० मधील ‘राजी’ जगभर पोहोचला. तो पाळीचा नसून वाहत्या काळातील लढतीचा खेळ आहे, आणि अशा खेळाला चित्रण व हालचालींच्या सफाईवर मोठा खर्च करावा लागतो. पाळीच्या खेळाचे अर्थकारण वेगळे असते. ‘वेस्ट ऑफ लोदिंग’मधील पात्रे काळ्या-पांढऱ्या रेघांची आहेत, ‘अंडरटेल’चे बहुतांश काम एका व्यक्तीने केलेले आहे, आणि नियम जुळतात की नाही हे कागद, फासे व दोन खेळणारे एवढ्यावर तपासता येते. त्यामुळे भोकरदन किंवा बदनापूरच्या महाविद्यालयातील विद्यार्थ्यांना असईवरचा किंवा कलगी-तुऱ्यावरचा खेळ रचण्यासाठी महागड्या यंत्रसामग्रीची अट नाही. गणित पाठ्यपुस्तकातले पुरेल; कोणत्या पाळीला नियम पाळायचा आणि कोणत्या पाळीला मोडायचा हे ठरवणारे मराठी संवाद लिहिणे हेच त्यातील खरे अवघड काम राहील.