ट्यूबलाइटमधली वेटोळी आणि यानाचं इंजिन

नवी ट्यूबलाइट लावली की कधी कधी पहिली काही मिनिटं तिच्या आत प्रकाशाची वेटोळी फिरतात, साप वळवळावा तशी. थंडीत किंवा व्होल्टेज कमी असलं की जास्तच. आमच्या मौदा गावात गल्लीतले लोक म्हणतात, ‘‘ट्यूब खराब निघाली,’’ आणि दुकानात परत नेतात. पण ट्यूब चांगली असते. तिच्यातून वीज वाहताना आतल्या वायूचा प्लाझ्मा झालेला असतो आणि प्लाझ्मा स्वस्थ बसत नाही. हीच वळवळ उपग्रहाच्या विजेच्या इंजिनातही असते, आणि तिच्याबद्दलचा गैरसमजही तोच: काहीतरी बिघडलंय.

प्लाझ्मा म्हटलं की २०२० पासून लोकांना कोरोनातली प्लाझ्मा थेरपी आठवते. रक्तातला प्लाझ्मा वेगळा. इथला प्लाझ्मा म्हणजे असा वायू, ज्यातल्या काही अणूंचे इलेक्ट्रॉन सुटून मोकळे झालेत. हे नाव अर्विंग लँगम्युअर या अमेरिकी शास्त्रज्ञाने १९२८ मध्ये दिलं, आणि ज्या लेखात दिलं त्याचा विषयच होता अशा वायूतली आंदोलनं. नाव आणि हेलकावे एकाच कागदावर आले, हे मी अकरावीच्या वर्गात दरवर्षी सांगतो.

‘‘सर, हे सगळं आपल्यापासून लांबचं,’’ असं मुलं म्हणतात. लांब कसं? गावाजवळ एनटीपीसीचं २,३२० मेगावॅटचं वीज केंद्र आहे. कोळशाचा धूर चिमणीत जाण्याआधी राख पकडणाऱ्या यंत्रातून जातो. तिथे हजारो व्होल्टवर ठेवलेल्या तारांभोवती निळसर प्लाझ्मा तयार होतो, राखेचे कण विजेने भारले जातात आणि पत्र्यांना चिकटतात. वर हातोडे बसतात, राख खाली पडते. पावसाळ्यात हाय टेन्शन लाईनखाली उभं राहिलं की जी चरचर ऐकू येते, तीही अशाच प्लाझ्माची.

या प्रकाराला कमी तापमानाचा प्लाझ्मा म्हणतात, आणि इथे दुसरी गफलत होते. कमी म्हणजे थंड नव्हे. पेटत्या ट्यूबमधले इलेक्ट्रॉन दहा हजार अंशांच्या घरात असतात, तरी काचेला हात लावता येतो, कारण ते अतिशय हलके असतात आणि जड अणू त्यांच्याकडून फारशी उष्णता घेत नाहीत. यानाच्या इंजिनात इलेक्ट्रॉन दोन-तीन लाख अंशांवर जातात, इलेक्ट्रॉन गमावलेले अणू, म्हणजे आयन, मात्र त्यामानाने गार राहतात. एकाच जागी दोन तापमानं नांदतात.

इंजिन दिसायला साधं आहे. चिनीमातीसारख्या पदार्थाची गोल खोबण, तिच्या तळातून येणारा झेनॉन वायू, साधारण ३०० व्होल्टचा दाब आणि आडवं चुंबकीय क्षेत्र. इलेक्ट्रॉन चुंबकामुळे अडकून खोबणीत गोल फिरतात, झेनॉनला धडकून त्याचे आयन करतात आणि आयन सेकंदाला १५ ते २० किलोमीटर वेगाने बाहेर फेकले जातात. सूर्यप्रकाशाची वीज मिळाली म्हणजे इंधन लागत नाही, असं अनेकांना वाटतं. वायू लागतोच. फक्त तो इतक्या वेगाने फेकला जातो की थोडक्यात भागतं.

जोर किती? इस्रोने मार्च २०२५ मध्ये अशा इंजिनाची, म्हणजे थ्रस्टरची, १,००० तासांची चाचणी पूर्ण झाल्याचं जाहीर केलं. त्याचा जोर ३०० मिलिन्यूटन, म्हणजे तळहातावर दहा रुपयांची चार नाणी ठेवल्यावर जाणवेल तेवढा. वीज लागते ५.४ किलोवॅट, आपल्या शेतातल्या साडेसात एचपीच्या मोटरीला लागते जवळपास तेवढी. ऐकणारा म्हणतो, ‘‘एवढ्याने काय होणार?’’ पण अंतराळात रेटा धरून ठेवता येतो. हजार तास हाच जोर लावला, तर दोन टनांच्या उपग्रहाच्या वेगात ताशी सुमारे १,९०० किलोमीटरची भर पडते.

आता हेलकाव्यांकडे. उन्हाळ्यात विहिरीवर मोटर लावली की तासाभरात पाणी तळाला जातं. मोटर बंद करावी लागते, झऱ्यांनी विहीर भरते, मग पुन्हा मोटर. इंजिनातही हेच घडतं. इलेक्ट्रॉन झेनॉन उपसतात, ताजा वायू संपत येतो, प्रवाह मंदावतो, तळातून वायू भरतो, पुन्हा भडका. हा फेरा सेकंदाला दहा ते तीस हजार वेळा होतो आणि त्याला इंजिनाचं श्वास घेणं म्हणतात. तो बिघाड नाही. तो फार जोराचा झाला तर वीजपुरवठ्याला ताण पडतो, म्हणून त्याला आवर घालावा लागतो, इतकंच.

याहून अवघड गोष्ट बारीक खळबळीची. चुंबकीय क्षेत्राने इलेक्ट्रॉन धरून ठेवावेत, अशी रचना असते. पण धानाच्या बांधीतलं पाणी जसं धुऱ्यातून झिरपतं, तसे इलेक्ट्रॉन त्या क्षेत्रातून पलीकडे झिरपतात, टकरींच्या हिशेबाने निघावेत त्याच्या कितीतरी पट. ही जादा गळती १९६६ मध्येच प्रयोगात दिसली होती. २००४ मध्ये फ्रान्समधल्या संशोधकांनी संगणकावर दाखवलं की मिलिमीटरभर लांबीच्या, सेकंदाला लाखो वेळा हलणाऱ्या लाटा ही गळती घडवू शकतात. पुढे लेझरच्या साह्याने त्या लाटा प्रत्यक्ष मोजल्याही गेल्या.

‘‘मग एवढा संगणक असताना गणित सुटलं असेल ना?’’ नाही सुटलं. कोणत्या इंजिनात किती गळती होईल, हे निव्वळ सूत्रांवरून आधी सांगता येत नाही. गणिती नमुन्यात प्रयोगातून काढलेला आकडा घालावा लागतो, आणि इंजिन मोठं केलं की तो बदलतो. ही खळबळ पूर्ण घालवावी, हेही चूक. थोडी गळती लागतेच, तिच्याशिवाय इलेक्ट्रॉनना वायू पेटता ठेवण्याइतकी ऊर्जा मिळत नाही.

असं पहिलं इंजिन सोव्हिएत संघाने डिसेंबर १९७१ मध्ये मेटिऑर उपग्रहासोबत वर पाठवलं. आपल्याकडे एप्रिल २०१० मध्ये जीसॅट-४ सोबत असे थ्रस्टर निघाले होते, पण रॉकेटच समुद्रात गेलं. मे २०१७ मध्ये गेलेल्या जीसॅट-९ वर विजेच्या इंजिनाने काम केलं. पन्नास वर्षं उडत आलेल्या इंजिनाची हजार तास चाचणी कशाला, असं विचारणाऱ्यांना मी एक गुणाकार करायला लावतो. सेकंदाला वीस हजार श्वास धरले, तर हजार तासांत बहात्तर अब्ज. दर श्वासागणिक काही आयन बाहेर न जाता भिंतीवर आपटतात आणि खोबणीची कड झिजते. किती झिजली, ते इंजिन उघडून मोजावं लागतं.