सीमेवरचा जवान आणि गावाकडचे मत

मंडणगड तालुक्यातील एखादा तरुण भूदलात भरती होऊन लडाख वा अरुणाचल प्रदेशात जातो, तेव्हा त्याचे वास्तव्य बदलते. गावाशी असलेले त्याचे नाते मात्र तुटत नाही. त्याच्या घराकडे जाणारा रस्ता, मुलांची शाळा, आईवडिलांसाठीचा दवाखाना यांचा विचार विधानसभेत आणि लोकसभेत कोणी करावा, हे ठरविण्याचा अधिकार त्याला इतर ग्रामस्थांइतकाच आहे. कायद्याने हा अधिकार जपला आहे. तो प्रत्यक्षात बजावला जाणे हे मात्र योग्य नोंदणीवर आणि वेळेत पोहोचणाऱ्या एका पाकिटावर अवलंबून असते.

रत्नागिरी जिल्ह्याचा सैन्याशी असलेला संबंध जुना आहे. ब्रिटिश काळात दापोली येथे लष्करी छावणी होती. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे मूळ गाव मंडणगड तालुक्यातील आंबडवे. त्यांचे वडील रामजी सकपाळ हे सैन्यात सुभेदार होते. वडिलांच्या नोकरीमुळेच बाबासाहेबांचा जन्म १८९१ मध्ये महू येथील छावणीत झाला, आणि वडिलांच्या निवृत्तीनंतर हे कुटुंब काही काळ दापोलीत राहिले. त्या पिढीतील सैनिकांना आपले राज्यकर्ते निवडण्याचा अधिकार नव्हता. पुढे बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखालील समितीने मसुदा तयार केलेल्या संविधानाच्या अनुच्छेद ३२६ ने प्रौढ मताधिकार दिला आणि सैनिकही मतदार झाला.

कायद्यातील तरतूद

मतदाराचे नाव तो सर्वसाधारणपणे राहतो त्या ठिकाणी नोंदवावे, असा सामान्य नियम आहे. हा नियम सैनिकाला जसाच्या तसा लावला असता, तर प्रत्येक बदलीबरोबर त्याचे मत भटकत राहिले असते. म्हणून लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५० च्या कलम २० नुसार, सेवेत नसता तर तो जेथे राहिला असता तेथीलच तो रहिवासी आहे, असे मानले जाते. अशा मतदारांची नावे यादीच्या अखेरच्या भागात असतात. भूदल, नौदल व हवाई दलाचे सदस्य, ज्या दलांना सेना अधिनियमाच्या तरतुदी लागू केल्या आहेत ती दले, राज्याबाहेर कामगिरीवर असलेले सशस्त्र पोलीस आणि परदेशात नेमलेले केंद्र शासनाचे कर्मचारी यांना ही सवलत आहे. सैनिकासोबत राहणाऱ्या पत्नीलाही ती मिळते. २०२१ च्या दुरुस्तीने ‘पत्नी’ऐवजी ‘जोडीदार’ हा अर्थ स्वीकारला गेल्याने महिला अधिकाऱ्यांच्या पतींनाही ती लागू झाली. सोबत राहणाऱ्या सज्ञान मुलांनी मात्र सामान्य मतदार म्हणूनच नाव नोंदवावयाचे असते. व्यापारी जहाजांवरील खलाशी घरापासून दूर असले, तरी ते सशस्त्र दलांचे सदस्य नसल्याने या वर्गात येत नाहीत. कोकणात हा गैरसमज होऊ नये.

मतपत्रिकेचा प्रवास

पूर्वी मतपत्रिका टपालाने जात असे व टपालानेच परत येत असे. उमेदवारांची अंतिम यादी ठरल्याशिवाय ती छापता येत नाही. त्यामुळे दुर्गम ठाण्यांवरून ती मतमोजणीपूर्वी परत येणे कठीण होई. २०१६ मध्ये नियमांत दुरुस्ती होऊन मतपत्रिका इलेक्ट्रॉनिक पद्धतीने पाठविण्याची सोय झाली. जवान ती उतरवून घेतो, छापतो, मत नोंदवितो, घोषणापत्र साक्षांकित करून घेतो आणि पाकीट टपालाने पाठवितो. अशा रीतीने जाण्याचा वेळ वाचला. परतीचा प्रवास मात्र टपालानेच होतो. मतमोजणी सुरू होण्याच्या ठरलेल्या वेळेपर्यंत न पोहोचलेले पाकीट मोजले जात नाही.

ही मुदत प्रत्येक निवडणुकीत सारखी नसते. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत या जिल्ह्यात उमेदवारी मागे घेण्याचा अखेरचा दिवस २२ एप्रिल व मतमोजणी ४ जून रोजी होती. हे अंतर ४३ दिवसांचे होते. त्याच वर्षीच्या विधानसभा निवडणुकीत ४ नोव्हेंबर ते २३ नोव्हेंबर असे अवघे १९ दिवस मिळाले. अमेरिकेत २००९ च्या कायद्याने सैनिकांना मतपत्रिका मतदानाच्या ४५ दिवस आधी पाठविण्याचे बंधन घातले आहे. त्या तुलनेत आपल्याकडील जवानाला मिळणारा वेळ किती मोलाचा आहे, हे ध्यानात येईल.

पाकिटावरील पत्ताही महत्त्वाचा आहे. चिपळूण, रत्नागिरी व राजापूर हे विधानसभा मतदारसंघ रत्नागिरी-सिंधुदुर्ग लोकसभा मतदारसंघात मोडतात. दापोली व गुहागर मात्र रायगडमध्ये. म्हणून आंबडव्याच्या जवानाचे लोकसभेचे मत रायगडच्या निवडणूक निर्णय अधिकाऱ्याकडे जाते.

प्रतिनिधीमार्फत मतदान

टपालाचा भरवसा नसलेल्या जवानासाठी २००३ च्या दुरुस्तीने दुसरा मार्ग खुला झाला. सशस्त्र दलांतील मतदार आपल्या मतदारसंघात राहणाऱ्या, १८ वर्षे पूर्ण केलेल्या विश्वासू व्यक्तीस प्रतिनिधी नेमू शकतो. हा प्रतिनिधी मतदान केंद्रावर जाऊन त्याच्या वतीने मत देतो. त्याच्या डाव्या हाताच्या मधल्या बोटाला शाई लावली जाते. नेमणूक रद्द होईपर्यंत पुढील निवडणुकांनाही चालते. हा मार्ग पत्करल्यावर टपाली मतपत्रिका मिळत नाही.

गावाने काय करावे?

मतदान केंद्रस्तरीय अधिकारी म्हणून काम करणारे शिक्षक आणि पंचायत सदस्य यांना गावातील कोणत्या घरातील माणूस सैन्यात आहे, हे ठाऊक असते. त्याचे नाव यादीच्या अखेरच्या भागात आहे काय, हे त्यांनी कुटुंबास पाहावयास सांगावे. नसल्यास जवानाने आपल्या तुकडीमार्फत नमुना क्रमांक २ भरावा. तेच नाव सामान्य यादीतही असल्यास तेथून कमी करून घ्यावे. दोन ठिकाणी नोंद असणे कायद्यास धरून नाही. निवृत्त होऊन परतलेल्या सैनिकाला नमुना क्रमांक ६ भरून सामान्य मतदार होण्यास साहाय्य करावे. अन्यथा मतदानाच्या दिवशी घरी असूनही त्याला केंद्रावरून परत जावे लागेल.

ही कामे निवडणूक जाहीर झाल्यावर नव्हे, तर सुट्टीवर आलेला जवान गणपतीत वा शिमग्यात घरी भेटतो तेव्हाच करावयाची आहेत. शेकडो मैल दूर पहारा देणाऱ्याचे मत वाया जाऊ न देणे, एवढे कर्तव्य त्याच्या गावाला सहज पार पाडता येईल.